कार्ल्याचं चैत्यगृह बघताना सगळं सारखंच का दिसतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "कार्ल्याला याआधी जाऊन आलो. एकवीरेचं दर्शन घेतलं, मग लेण्यात वीस मिनिटं फिरलो. खांब, हत्ती, बुद्ध, जोडपी, सगळं भव्य वाटलं, पण कळलं काहीच नाही. आता आईवडील आणि दहा वर्षांच्या मुलीला घेऊन जायचं आहे. काय वाचून जाऊ? गाईड घेऊ का? आणि कोणतं कोरीव काम आधीचं, कोणतं नंतरचं, हे नुसतं बघून ओळखता येतं का?"

शेवटचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारला असेल, पण खरा प्रश्न तोच आहे. माहितीची कमतरता ही अडचण नाही. माहिती तर दारातल्या फलकावरही असते. अडचण अशी की कार्ल्याची दर्शनी भिंत एका वेळी झालेली नाही, आणि आपण मात्र ती एका नजरेत बघतो. चारपाचशे वर्षांच्या अंतराने झालेली कामं एकाच काळ्या दगडात, एकमेकांना खेटून उभी आहेत. रंग एक, झीज साधारण एक, त्यामुळे डोळ्याला सगळं सारखं वाटतं. आधी काय आणि मागाहून काय, हे शोधायला लागलात की बाकीच्या गोष्टी हळूहळू जागेवर बसतात. लोकांना लेणी दाखवताना मी हाच धागा धरतो. तारखा नंतर सांगतो, कधीकधी सांगतही नाही.

सगळ्यांना एकच क्रम लागू पडत नाही, हे आधी सांगतो. चैत्र यात्रेत, नवरात्रात किंवा रविवारी सकाळी गेलात तर अंगणात उभं राहायलाच जागा नसते. तेव्हा थेट आत जा, बाहेरचं काम परतताना बघा. चैत्यगृहाचं, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनाचं, तोंड पश्चिमेला आहे, म्हणून आतला उजेड दुपारनंतर चांगला असतो. सकाळी स्तूपाचा भाग बराच अंधारात राहतो. निवड हातात असेल तर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास वर पोचा.

आता अंगणात उभे आहात असं धरू. लेण्याकडे तोंड केलं की डावीकडे एक मोठा स्तंभ दिसतो, वर चार सिंह. उजवीकडे त्याचा जोडीदार असणार, त्या जागी आता एकवीरेचं मंदिर आहे. सिंहस्तंभावर लेख आहे: महारठी गोतिपुत्र अग्निमित्रणक याने दिलेलं दान. महारठी म्हणजे त्या काळातला बडा सरदार. पण याच लेण्यात बाकीचे दानकर्ते कोण आहेत ते बघा, म्हणजे गंमत कळेल. व्हरांड्याच्या डाव्या टोकाच्या भिंतीवर वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचा लेख आहे. जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह आपण पूर्ण केलं, असं तो सांगतो. शेठजींचा स्वभाव दोन हजार वर्षांत फारसा बदललेला नाही. मात्र दावा पोकळ नव्हता. सुमारे 38 मीटर लांब आणि 14 मीटर रुंद असं हे चैत्यगृह भारतातल्या डोंगरात कोरलेल्या चैत्यगृहांत सर्वांत मोठं आहे.

भूतपालाने "पूर्ण केलं" म्हटलं तरी एकट्याच्या पैशातून ते झालेलं नाही. धेनुकाकटाचा एक गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, सिंहदत्त; त्याने दाराच्या भागाचा खर्च दिला. त्याच गावचा सुतार, वेणुवासाचा मुलगा सामी, याने दर्शनी दार घडवलं. खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांची (तेव्हा ग्रीकांना आणि पश्चिमेकडच्या परदेशी लोकांना यवन म्हणत) नावं आहेत. सोपाऱ्याचा सातिमित हा धर्मग्रंथ मुखोद्गत करून म्हणणारा भाणक भिक्षू. त्याने दिलेल्या खांबात शरीरधातू, म्हणजे पवित्र अवशेष, ठेवल्याचा उल्लेख लेखातच आहे. घुणिकाची आई असलेली कोडी नावाची भिक्षुणी वेदिकेचा, म्हणजे कठड्याचा, खर्च देते आणि ते काम करणाऱ्या नादिकाचं नावही कोरलं जातं. हे धेनुकाकट नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. पण कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून बोरघाटाने वर चढणाऱ्या मालाच्या वाटेवर हे लेणं आहे, हे लक्षात ठेवलं की इतक्या लांबची माणसं इथे का येत होती त्याचं कोडं पडत नाही.

हे सगळं मी एवढं पाल्हाळ लावून का सांगतोय? कारण त्यातून कोरीव कामाचं वागणं समजतं. राजाने एका हुकुमात करवून घेतलेलं काम आणि वर्गणीतून उभं राहिलेलं काम यांत फरक दिसतो. कार्ल्यातला एकेक खांब, एकेक शिल्पपट स्वतंत्र दान आहे. म्हणून शेजारच्या दोन खांबांची शीर्षं नीट पाहिलीत तर स्वारांची शिरोभूषणं, हत्तींच्या सोंडा, बसण्याची ढब सारखी नाही.

आता व्हरांड्यात या. दोन्ही टोकांच्या भिंतींत खाली मोठे हत्ती आहेत, त्यांच्या पाठीवर जणू मजल्यांवर मजले चढवलेली इमारत उभी आहे: पिंपळपानाकृती कमानी, त्यांखाली कठड्यासारखी पट्टी, पुन्हा कमानी. हा कठडा म्हणजे वेदिका. आडव्या-उभ्या दांड्यांचं लाकडी कुंपण दगडात उतरवलेलं असतं, आणि तीच इथे तुमची मोजपट्टी आहे. इंद्रदेव नावाच्या स्थविराने, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूने, हत्ती आणि त्यांच्या वरची-खालची वेदिका दान दिल्याचा लेख इथेच आहे. म्हणजे हत्ती आणि वेदिका एका वेळची, मूळ कामाचा भाग.

मधल्या दाराच्या दोन्ही बाजूंना आणि टोकांकडे मोठी दंपतीशिल्पं आहेत. पुरुषाच्या डोक्यावर जाडजूड फेटा, बाईच्या कमरेला मेखला, पायांत वजनदार वाळे, अंग भरलेलं. हीसुद्धा मूळ कामातलीच. बौद्ध मंदिराच्या दारात नवरा-बायको कशाला, असा प्रश्न हमखास येतो. हे दाते असावेत असं काहींचं म्हणणं, समृद्धीची शुभचिन्हं असं इतरांचं. मला दुसरं मत अधिक पटतं. एक मिथुन तर भद्रसम नावाच्या भिक्षूनेच दान दिल्याचा लेख आहे. जोडप्याची मूर्ती भिक्षूने करवून घ्यावी, यात त्या लोकांना काही अडचण वाटत नव्हती, मग आपण ओढूनताणून अडचण का निर्माण करायची?

याच भिंतीवर दंपतींच्या अधल्यामधल्या जागेत बुद्धमूर्ती आहेत. पाय खाली सोडून आसनावर बसलेले बुद्ध, दोन्ही हात छातीशी धर्मचक्रमुद्रेत, म्हणजे उपदेशाच्या मुद्रेत, बाजूला बोधिसत्त्व. या मूर्ती साधारण पाचव्या-सहाव्या शतकातल्या, म्हणजे मूळ लेण्यानंतर चारपाचशे वर्षांनी आलेल्या. तारीख पाठ नसली तरी तुम्हाला हे ओळखता येईल. वेदिकेच्या पट्टीवर बोट धरल्यासारखी नजर ठेवा आणि डावीकडून उजवीकडे चाला (प्रत्यक्ष बोट लावू नका). जिथे पट्टी मध्येच तुटते आणि तिच्या जागी मूर्तीची चौकट सुरू होते, तिथे आधीचं काम तासून नवं बसवलं आहे. दगडावर भर घालता येत नाही, फक्त वजा करता येतं. म्हणून ज्याने दुसऱ्याला कापलं आहे तो नंतरचा. मूर्तींची खोलीही बघा. दंपती भिंतीतून बाहेर आलेले वाटतात, कारण कारागिराने सुरुवातीपासून त्यांच्यासाठी दगड राखून ठेवला होता. नंतरचे बुद्ध बरेचदा भिंतीच्या पातळीच्या आत, उथळ चौकटीत बसवलेले दिसतात, कारण उरलेल्या दगडातच भागवायचं होतं. या दोन खुणा मुंबईतल्या कान्हेरी लेण्यांतही उपयोगी पडतात.

मूळ काम करणाऱ्यांनी बुद्धाची मूर्ती का केली नाही? त्यांच्यासाठी पूजेचं केंद्र आतला स्तूप होता. मूर्तीची प्रथा इकडच्या लेण्यांत नंतर रुजली, आणि तेव्हाच्या भिक्षूंना जुनं लेणं सोडून न देता आपल्या पद्धतीचं करून घ्यायचं होतं. काही जण याला विद्रूप करणं म्हणतात. मला तसं वाटत नाही. वापरात असलेल्या जागेत पिढ्या बदल करतातच.

दर्शनी भिंतीवरचे राजकीय लेख मी साधारणपणे नवख्यांना वगळायला सांगतो, पण एक मात्र सांगतोच. मधल्या दाराच्या वरच्या बाजूला शक राजा क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. आपण ब्राह्मणांना गाई दिल्या, प्रभासला विवाह लावून दिले, हे सांगून तो वलूरक लेण्यांतल्या भिक्षूंच्या वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामासाठी, करजिक गाव देतो. वलूरक हे इथलं जुनं नाव. त्याच भिंतीवर मावळच्या अमात्याला, म्हणजे अधिकाऱ्याला, उद्देशून दुसरा आदेश आहे, तो सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा मानतात; त्यातही करजक, म्हणजे तेच, गाव भिक्षूंना दिलेलं आहे. म्हणजे सत्ता बदलली, नव्या राजाने जुनं दान आपल्या नावाने पुन्हा दिलं. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला 13,000 हून अधिक चांदीची नाणी सापडली. ती नहपानाची, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला. नाण्यांवर जे झालं तेच इथे जमिनीच्या बाबतीत झालं. लेण्याच्या काळाचा अंदाजही याच लेखांवरून बांधतात: उषवदाताने लेख कोरवला तेव्हा ही भिंत तयार होती, म्हणजे चैत्यगृह त्याच्या आधीचं किंवा फार तर त्याच्याच काळातलं. म्हणून इसवी सनाचं पहिलं शतक असं साधारणपणे धरलं जातं. जुन्या पुस्तकांत इसवी सनापूर्वीचा काळ दिलेला असेल तर गोंधळू नका. नहपानाचा काळच अभ्यासकांनी मागेपुढे सरकवला आहे, त्याबरोबर कार्लेही सरकतं.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: हत्ती, वेदिका, दंपती आणि सिंहस्तंभ हे पहिलं काम, गावांच्या दानाचे लेख त्यानंतरचे, बुद्धमूर्ती चारपाच शतकांनंतरच्या, आणि एकवीरेचं मंदिर त्याहूनही नंतरचं.

आत गेलात की लगेच स्तूपाकडे धावू नका. दारातच थांबून वर बघा. छत गजपृष्ठाकार आहे, हत्तीच्या पाठीसारखं गोल, आणि त्याला लाकडी कमानी लावलेल्या आहेत. त्यातल्या बऱ्याचशा मूळच्या, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांच्या. छत अखंड दगडाचं आहे, त्यामुळे या कमानी कसलाही भार पेलत नाहीत. मग लावल्या कशाला? त्या लोकांच्या मनात चैत्यगृह म्हणजे लाकडी इमारत होती. मैदानात, गावांत तशीच असत आणि ती टिकली नाहीत. डोंगरात कोरताना त्यांनी सवयीचं रूप सोडलं नाही, उलट जिथे दगडाने ते पुरेसं साधेना तिथे खरं लाकूड आणून बसवलं. स्तूपावरचं छत्रही लाकडी आहे. त्याच्या खालच्या अंगाला कोरीव कमळ आहे. मान वर करून पाहिल्याशिवाय दिसत नाही, आणि बहुतेक लोक पाहत नाहीत.

दोन्ही बाजूंना 15-15 खांब आहेत. तळाशी पायऱ्यांचा चौथरा, त्यावर घट, मग आठ पैलूंचा स्तंभ, वर उलट्या घंटेसारखं कमळ, त्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि हत्तीवर जोडपी. पण हे फक्त मधल्या दालनाच्या बाजूने. आता खांबामागच्या अरुंद वाटेत शिरा आणि तिथून त्याच खांबाचं डोकं बघा: हत्तींऐवजी घोडे आणि इतर प्राणी मिळतील, त्यांवर एकेकटे स्वार. स्तूपाच्या मागे जे सात खांब आहेत ते अगदी साधे, ना घट ना प्राणी. जिथे उपासकाची नजर जाणार तिथे खर्च, जिथे नुसती प्रदक्षिणा तिथे काटकसर. हिशेब चोख.

उजव्या रांगेत एक खांब इतरांपेक्षा वेगळा आहे. आठऐवजी सोळा पैलूंचा, आणि त्यावर छोटा स्तूप, हरणांसह चक्र आणि सिंहस्तंभाची छोटी प्रतिकृती कोरलेली आहे. तो कितवा हे मुद्दाम सांगत नाही. तुमच्या मुलीला शोधायला लावा. मुलांना लेण्यात सनावळ्या सांगितल्या की ती दहा मिनिटांत कंटाळतात. शोधायला काही दिलं की तीच आपल्याला थांबवून ठेवतात.

वाचून काय जायचं, याचं माझं उत्तर थोडं निराळं आहे. वाचण्यापेक्षा त्याच दिवशी आधी भाजे बघा. मळवलीच्या पलीकडच्या डोंगरात, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. तिथले खांब साधे अष्टकोनी आणि चक्क आत झुकलेले आहेत. लाकडी खांब छताचा रेटा सोसायला तिरके उभे करतात, तसे. दगडात त्याची काही गरज नव्हती. दर्शनी भाग पूर्ण उघडा, कारण तिथे लाकडी दार-पडदा होता, तो गेला. भाजे डोळ्यांत ठेवून कार्ल्याला आलात की इथले सरळ उभे खांब आणि दगडातच कोरलेली दर्शनी भिंत पाहून मधल्या काळात कारागीर काय शिकले ते न सांगता समजतं. वेळ आणि पाय साथ देत असतील तर मधला दुवा बेडसे. तिथे प्राण्यांवर बसलेल्या जोडप्यांचे खांब फक्त व्हरांड्यात आहेत, आत सगळे साधे. कार्ल्याने तीच कल्पना आत आणली. बेडशाचं तोंड पूर्वेला असल्याने ते सकाळीच बघावं. पण तिन्ही एका दिवसात वडीलधाऱ्यांना घेऊन करू नका. भाजे आणि कार्ले पुरे. दोन्हीकडे पायऱ्यांचा चढ आहे. कार्ल्याला गाडी बरीच वर जाते, तरी शेवटच्या पायऱ्या चुकत नाहीत.

सोबत एक छोटी बॅटरी घ्या. लेखावर समोरून झोत टाकला, किंवा फ्लॅश मारला, तर अक्षरं सपाट होऊन नाहीशी होतात. बॅटरी भिंतीलगत आडवी धरली की खोदलेल्या कडांच्या सावल्या पडतात आणि ब्राह्मी अक्षरं उठून दिसतात. हौसेने खडू फिरवणारे किंवा पाणी मारून फोटो काढणारे अजूनही भेटतात. ते करू नका, कुणी करताना दिसला तर नम्रपणे थांबवा. स्तूपाला प्रदक्षिणा घालणार असाल तर तो आपल्या उजव्या हाताला ठेवून. ही आजही श्रद्धेची जागा आहे. बौद्ध उपासक येतात, आणि अंगणात कोळी-आगरी कुटुंबं कुलदैवताला आलेली असतात. दोघांच्याही वाटेत कॅमेरा घेऊन उभे राहू नका.

गाईडबद्दल: चांगला मिळाला तर जरूर घ्या, पण ठरवण्याआधी एकच विचारा, "या भिंतीवरची जोडपी आधीची की बुद्ध?" थांबून कारण सांगणारा असेल तर त्याच्याबरोबर तासभर फिरा. "सगळं पांडवांनी एका रात्रीत केलं" असं उत्तर आलं तर ती इथली जुनी लोककथा आहे, ऐकायला मजेदारही आहे, आईला आवडेल. मात्र कोरीव काम बघायचं तर मग तुमचं तुम्हीच बघा, व्हरांड्याच्या डाव्या टोकाच्या हत्तींपासून सुरुवात करून.